मत नसलेल्यांची खुर्ची

कॅलिफोर्नियात हजाराच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाला लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं, बहुतेक ठिकाणी पाच ट्रस्टींचं, आणि शाळांबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा. या बोर्डाला सल्ला द्यायला पालकांच्या आणि नागरिकांच्या समित्या असतात. काही कायद्याने नेमाव्याच लागतात, काही बोर्ड आपणहून नेमतं. निर्णयाचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नसतो.

मी मूळची सांगलीची. सांता क्लारा काउंटीत राहायला आल्यावर मुलं इथल्या सरकारी शाळेत गेली आणि त्या निमित्ताने मी अशा तीन समित्यांवर काम केलं. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची ‘ईलॅक’, डिस्ट्रिक्टच्या आराखड्यावर मत देणारी पालक सल्लागार समिती, आणि शाळेच्या वापरात नसलेल्या जागेचं काय करायचं ते सुचवणारी ‘सेव्हन-इलेव्हन’ समिती. महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, “करणार ते त्यांना हवं तेच, मग तू संध्याकाळी कशाला घालवतेस?” त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. तोंडी बोललेलं विरून जातं. लेखी विचारलं की उत्तर द्यावंच लागतं.

जेरी ब्राउन गव्हर्नर असताना, २०१३ साली, कॅलिफोर्नियाने शाळांना पैसे वाटण्याची पद्धत बदलली. प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम. मूल गरीब घरातलं असेल, इंग्रजी शिकत असेल किंवा सरकारी देखरेखीत दुसऱ्या कुटुंबाकडे वाढत असेल, तर तिच्यावर वीस टक्के जास्त. डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं ५५ टक्क्यांहून अधिक असली की आणखी भर. हा पैसा कसा खर्च करणार याचा तीन वर्षांचा आराखडा करायचा आणि तो दरवर्षी सुधारायचा. त्याला इथे सगळे ‘एलकॅप’ म्हणतात. तो मंजूर होण्याआधी पालक सल्लागार समितीपुढे ठेवावा लागतो, आणि समितीने केलेल्या सूचनांना सुपरिंटेंडंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याने, लेखी उत्तर दिलं पाहिजे असं कायदाच सांगतो.

समितीच्या हातातली सगळ्यात भक्कम गोष्ट हीच. आमच्याकडे बैठकीत तावातावाने चर्चा व्हायची आणि मिनिट्समध्ये ‘पालकांनी चिंता व्यक्त केली’ एवढीच ओळ उरायची. मग समितीतल्या एका अकाउंटंट बाईंनी सुचवलं की प्रश्नांना क्रमांक घालून ते लेखी द्यावेत, म्हणजे उत्तरंही त्याच क्रमांकांनी येतील. आम्ही तसं केलं. एका प्रश्नाच्या उत्तरात कळलं की इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी मंजूर झालेल्या मदतनिसांच्या काही जागा भरल्याच गेल्या नव्हत्या. पैसे शिल्लक होते आणि मुलांपर्यंत मदत पोचली नव्हती. या मुलांच्या नावाचा न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी त्यांच्यासाठीच वापरला पाहिजे, असा नियम २०२१ पासून आहे. त्याचा आधार घेऊन पुढचा प्रश्न विचारता आला. चर्चेत कितीही आवाज चढवला असता तरी हे बाहेर आलं नसतं.

२. मे महिन्यात हातात पडणारा मसुदा मार्चमध्येच ठरलेला असतो.

नव्या सदस्याला मी सगळ्यात आधी कॅलेंडर समजावून सांगते. गव्हर्नरचा अर्थसंकल्पाचा प्रस्ताव १० जानेवारीपर्यंत येतो. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत डिस्ट्रिक्टने चालू वर्षाच्या आराखड्याचा मध्यावधी अहवाल बोर्डापुढे मांडायचा असतो. पुढच्या वर्षी ज्या शिक्षकांची नोकरी जाऊ शकते त्यांना १५ मार्चपर्यंत तशी नोटीस द्यावी लागते. मेच्या मध्यात गव्हर्नर सुधारित आकडे देतात. जूनमध्ये बोर्ड एका बैठकीत लोकांचं म्हणणं ऐकतं आणि दुसऱ्या बैठकीत आराखडा नि बजेट दोन्ही मंजूर करतं. १ जुलैच्या आत हे उरकायचं असतं.

आता विचार करा. डिस्ट्रिक्टच्या खर्चाचा फार मोठा भाग पगारांचा असतो. म्हणजे कुठल्या शाळेतला समुपदेशक राहणार आणि कुठला वाचन-शिक्षक जाणार, हे खरं म्हणजे १५ मार्चच्या आत ठरून गेलेलं असतं. समितीला छान बांधलेला मसुदा दिसतो मे महिन्यात, शंभरावर पानांचा, आणि दोन आठवड्यांत मत द्या असं सांगितलं जातं. तोवर उरतात ते शब्द बदलण्याचे मुद्दे. ‘वाढवू’ऐवजी ‘बळकट करू’ म्हणा वगैरे.

म्हणून आम्ही मागणी केली की समितीची महत्त्वाची बैठक नोव्हेंबरात आणि दुसरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला घ्यावी, आणि त्या वेळी मसुदा नसला तरी चालेल, कच्चे आकडे द्यावेत. अधिकारी आधी नाखूश होते. अपुरे आकडे दाखवले की अफवा पसरतात ही त्यांची भीती खोटी नाही. पण अपुऱ्या आकड्यांवर बोलण्याची संधी मिळते तीच खरी संधी. त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही एका वाचन-शिक्षिकेच्या जागेबद्दल लिहिलं आणि ती जागा राहिली. मेमध्ये लिहिलं असतं तर नुसतं आभाराचं उत्तर आलं असतं.

३. ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी हीच खुर्ची आहे.

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. एच-वन व्हिसावर आलेली मराठी कुटुंबं ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत. मूल बालवाडीत जातं, पाहता पाहता हायस्कूल संपवतं, आणि आईवडिलांना अजून बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ साली नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मतदानाची मुभा दिली, पण तो अपवाद. बाकी बे एरियात आपण कर भरतो, घरभाड्यातून मालमत्ता कराचा भार उचलतो, शाळेच्या बाजारात समोसे तळतो, आणि मतपत्रिका येते शेजाऱ्याच्या घरी.

पालक सल्लागार समितीवर बसायला नागरिकत्व लागत नाही. मूल शाळेत असलं की पुरे.

एक मैत्रीण म्हणाली, “अगं, आपण इथे पाहुणे. पाहुण्याने घरातल्या भांडणात बोलू नये.” मी तिला म्हटलं, “तू पाहुणी असशील, तुझा मुलगा नाही. तो इथेच जन्मला आणि त्याच वर्गात बसतो.” ती पुढच्या वर्षी ईलॅकवर आली. आता ती माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारते.

४. शाळेच्या फॉर्मवर ‘मराठी’ लिहा.

शाळेत नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता असं विचारणारा फॉर्म असतो. ‘मराठी’ लिहिलंत तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते, म्हणून आपल्यात सल्ला फिरतो की सरळ ‘इंग्लिश’ लिहून मोकळं व्हा. हा सल्ला मला पटत नाही. मुलाला इंग्रजी चांगलं येत असेल तर पहिल्या चाचणीतच ते स्पष्ट होतं आणि विषय संपतो. येत नसेल तर त्याला मदत मिळते आणि डिस्ट्रिक्टला त्याच्यासाठी जादा पैसे मिळतात. इंग्रजी शिकणारी २१ मुलं असली की त्या शाळेत ईलॅक नेमावी लागते. आपण खोटं लिहिलं तर आपलं मूल त्या मोजणीतून आणि त्या मदतीतून बाहेर पडतं. शाळेत एकाच भाषेची मुलं १५ टक्के झाली तर सूचनापत्रं त्या भाषेत द्यावी लागतात. मराठी तिथवर बहुधा कुठेच पोचणार नाही, पण म्हणून भाषा लपवायचं कारण नाही.

५. व्हॉट्सॲपवर समिती भरवू नका.

कॅलिफोर्नियात १९५३ पासून सार्वजनिक संस्थांच्या बैठका खुल्या ठेवायला लावणारा ब्राउन ॲक्ट आहे. बोर्डाने ठराव करून नेमलेल्या समित्यांनाही तो लागू होतो. बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी जाहीर करायचा, जे अजेंड्यावर नाही त्यावर निर्णय घ्यायचा नाही, आणि बहुसंख्य सदस्यांनी बैठकीबाहेर समितीच्या विषयावर आपसांत चर्चा करायची नाही. अकबराला सांगितलं, त्याने बिरबलाला सांगितलं, बिरबलाने तानसेनाला, अशी साखळीही चालत नाही. ग्रुपवर ‘मग आपण सगळे याला विरोध करू या ना?’ असं कुणी टाकलं आणि बहुसंख्यांचे अंगठे आले की कायदा मोडलाच. शाळेच्या पातळीवरच्या ईलॅकला वेगळे, थोडे सैल नियम आहेत, पण सवय एकच ठेवलेली बरी. ग्रुपवर फक्त वेळ, जागा आणि कोण खाऊ आणणार.

६. तक्त्यात न दिसणारी मुलं शोधावी लागतात.

शाळांची कामगिरी दाखवणाऱ्या राज्याच्या डॅशबोर्डवर प्रत्येक शाळेला रंग मिळतात, सगळ्यात वाईट लाल ते सगळ्यात चांगला निळा. समितीपुढे हे रंगीत चित्र पडद्यावर येतं आणि सगळे त्याच्यावरच बोलतात. पण वंश, भाषा वगैरेंवरून केलेल्या एखाद्या गटात ३० मुलं नसतील तर सहसा त्याला रंगच नाही. दहा किंवा त्याहून कमी असतील तर त्यांचे निकाल दाखवतही नाहीत, कारण मुलांची ओळख उघड होऊ शकते. कारण योग्य आहे. परिणाम असा की ती मुलं चर्चेतून नाहीशी होतात.

शिवाय ‘एशियन’ हा एकच रकाना. त्यात सॉफ्टवेअर इंजिनिअरची मुलगी आणि कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्या आजीकडे वाढणारा नातू एकत्र मोजले जातात. सरासरी निळी दिसते. आमच्या बैठकीत एक अधिकारी आनंदाने म्हणाले की एशियन मुलांची काळजी करण्याचं कारण नाही. त्या वेळी शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका बाईंनी हात वर केला आणि सांगितलं की रोज सकाळी उशिरा येणाऱ्या कुठल्या मुलांसाठी त्या दूध नि सफरचंद बाजूला ठेवतात. नावं घेतली नाहीत. पण त्यातली बरीच मुलं त्याच निळ्या रकान्यातली होती.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की प्रत्येक समितीवर शाळेच्या ऑफिसातलं किंवा जेवणघरातलं एक माणूस हवंच. सल्लागाराच्या पॉवरपॉइंटपेक्षा त्यांच्या दोन वाक्यांनी जास्त कळतं.

७. शाळा बंद होते तेव्हा ‘किती वाचतील?’ याच्या पुढचा प्रश्न विचारा.

२०१४ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत ६२ लाख मुलं होती. २०२३-२४ मध्ये ती ५८ लाखांवर आली. बे एरियात घरांच्या किमती अशा की तरुण कुटुंबं येतच नाहीत, आलेली लांब जातात, आणि जन्मही कमी झाले आहेत. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या क्युपरटिनोतही २०२१ साली बोर्डाने प्राथमिक शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. ओकलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये बोर्डाने मोजक्या दिवसांत शाळा बंद करण्याचं मंजूर केलं, शिक्षक उपोषणाला बसले, आणि वर्षभरात नव्या बोर्डाने काही शाळांचा निर्णय फिरवला. २०२२ मध्येच राज्याने कायदा केला की आर्थिक संकटातल्या डिस्ट्रिक्टने शाळा बंद करण्याआधी कुठल्या मुलांवर किती परिणाम होईल याचा अभ्यास करावा आणि लोकांशी बोलावं. सॅन फ्रान्सिस्कोने २०२४ साली यादी जाहीर केली, ती थांबवावी लागली, आणि सुपरिंटेंडंट मॅट वेन यांनी राजीनामा दिला.

या सगळ्यात पालक पहिला प्रश्न विचारतात तो पैशांचा. शाळा बंद केल्याने वाचतात ते मुख्यतः प्रिन्सिपल, ऑफिस, सफाई आणि इमारतीचा खर्च. मुलं दुसऱ्या शाळेत गेली की शिक्षक त्यांच्यामागे जातात, त्यामुळे तिथे फारसं वाचत नाही. आणि एक बारकावा इथे फार महत्त्वाचा आहे. बहुतेक डिस्ट्रिक्टना पैसे मिळतात ते मुलांच्या रोजच्या हजेरीवर. पण सांता क्लारा आणि सॅन मटेओ काउंटीतल्या काही डिस्ट्रिक्टमध्ये स्थानिक मालमत्ता करच राज्याच्या सूत्रापेक्षा जास्त जमतो. त्यांना ‘बेसिक एड’ म्हणतात. तिथे मुलं कमी झाली म्हणून उत्पन्न कमी होत नाही. तेव्हा ‘आपलं डिस्ट्रिक्ट यातलं कुठलं?’ हे विचारल्याशिवाय बचतीच्या तक्त्यावर बोलण्यात अर्थ नाही. आमच्याकडे हा प्रश्न विचारल्यावर सगळ्या चर्चेचा रोख बदलला. पैशांवरून ती रिकाम्या वर्गांवर आली, म्हणजे एकाच इयत्तेचा एकच वर्ग उरला की मुलांना मित्र बदलायला आणि शिक्षकांना जोडीदार मिळायला जागा राहत नाही, या खऱ्या अडचणीवर. त्या अडचणीवर लोक शांतपणे बोलू शकले.

सेव्हन-इलेव्हन समिती यानंतरची. जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची असेल तर सात ते अकरा जणांची समिती नेमावी, असा कायदा आहे, म्हणून हे नाव. तिच्यात शिक्षक, पालक, अधिकारी, व्यापारी, जमीनमालक किंवा भाडेकरू, आणि कायदा-बांधकामाचे जाणकार हवेत. मी भाडेकरू म्हणून बसले. भाडेकरूला गावच्या जमिनीबद्दल बोलायला बोलावणारा कायदा मला मोलाचा वाटतो. मुलांची पुढची संख्या तपासायची, जागेच्या वापराचा क्रम लावायचा, जाहीर सुनावणी घ्यायची, आणि शेजारपाजाऱ्यांना कितपत सहन होईल त्याची मर्यादा सुचवायची, ही आमची कामं.

८. सुनावणीत वेळ दुप्पट मिळतो, तो मागा.

आमच्या सेव्हन-इलेव्हन समितीपुढे ज्या शाळेची जागा होती, तिच्या मैदानावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत मुलाकडे सहा महिने राहायला आलेले आजी-आजोबा बरेच. ब्राउन ॲक्टनुसार, ज्याच्या बोलण्याचा अनुवाद करावा लागतो त्याला इतरांच्या निदान दुप्पट वेळ मिळतो. दोन मिनिटं असतील तर चार. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सुनावणीच्या आधी मी दोघा-तिघांना सांगून ठेवलं. नाशिककडचे एक आजोबा उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, “इथे मला गाडी चालवता येत नाही. मोठा रस्ता ओलांडायची भीती वाटते. या मैदानाला वळसे घातले की दिवस निघतो. भाडेकरू कोणी का येईना, सकाळी फाटक उघडं ठेवा.” त्यांच्या सुनेने इंग्रजीत सांगितलं. समितीच्या शिफारशीत मैदान भाडेकरूच्या कामाच्या वेळेबाहेर लोकांना खुलं ठेवण्याचं कलम गेलं, आणि भाडेकरारातही आलं.

९. कुठला पर्याय अजून खुला आहे, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सल्ला देण्यापुरत्या सहभागाला त्यांनी मधल्या पायऱ्यांवर ठेवलं, जिथे लोकांचं ऐकलं जातं पण सत्ता दुसऱ्यांकडेच राहते. मला ते बरोबर वाटतं, तरी पुरेसं वाटत नाही. त्याच पायरीवर बसूनही समिती उपयोगी पडू शकते, पण काय ठरून गेलं आहे आणि काय ठरायचं आहे हे तिला ठाऊक असेल तरच. ‘सगळं खुलं आहे’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. ‘या तीन गोष्टी ठरल्या आहेत, या दोहोंवर तुमचं मत हवं’ असं कुणी सांगितलं तर त्या अधिकाऱ्याचे आभार माना आणि त्या दोहोंवर मन लावून काम करा. एका समितीत मला शेवटपर्यंत हे उत्तर मिळालं नाही. तेव्हा मी अहवालाला वेगळं, एका पानाचं मत जोडलं. ते बोर्डाच्या कागदपत्रांत आहे.

नुसता अधिकार असूनही भागत नाही. माझी बहीण सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिथे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेली शाळा व्यवस्थापन समिती असते, तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. ती समिती शाळा विकास आराखडा स्वतः करते, नुसता सल्ला देत नाही. आम्ही फोनवर तुलना करतो. कागदावर तिच्या समितीला माझ्या समित्यांपेक्षा कितीतरी जास्त अधिकार आहेत. पण मजुरी बुडवून बैठकीला यायचं कसं, हा तिच्याकडच्या आयांचा प्रश्न आणि दोन पाळ्यांत काम करणाऱ्या इथल्या मेक्सिकन आयांचा प्रश्न एकच. आमच्याकडे बैठकीच्या वेळी मुलांना सांभाळायची सोय आणि दुभाषा ठेवल्यावर खुर्च्या भरल्या. त्याआधी नुसती पत्रकं छापून काही झालं नव्हतं.

१०. जाताना दप्तर सोपवून जा.

सदस्य बदलतात, अधिकारीही बदलतात, आणि नवा आलेला प्रत्येक जण पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो. मुदत संपली तेव्हा मी पुढच्या सदस्याला, एका व्हिएतनामी वडिलांना, आधीच्या सगळ्या वर्षांची सुपरिंटेंडंटची लेखी उत्तरं दिली. ज्या उत्तरांत नुसतं ‘विचार करू’ होतं त्यांच्यासमोर लाल खूण केली होती. सप्टेंबरच्या बैठकीत त्यांनी त्यातला पहिला प्रश्न पुन्हा विचारला, मूळ तारखेसकट.